पुडींत काय आहे ?

आमच्या वडीलधाऱ्यांच्या लहानपणीं दवाखान्यांत जावयाचें म्हणजे घरून रिकामी बाटली धुऊन बरोबर न्यावी लागे. डॉक्टर रोग्यास तपासून चिठ्ठी लिहीत, कंपौंडर निरनिराळ्या बरण्यांतील औषधें मोजून मिश्रण करी, आणि बाटलीस मात्रा दाखविणारी कातरलेल्या कागदाची पट्टी चिकटवून ती हातीं देई. 'लाल औषध' किंवा 'पांढरें औषध' एवढेंच काय तें नांव रोग्यास ठाऊक असे. आंत काय आहे असें विचारणें उद्धटपणाचें समजलें जाई.

हल्लीं बहुतेक औषधें कारखान्यांतून तयार होऊन येतात. तथापि हातानें औषध सिद्ध करण्याची विद्या लोपलेली नाहीं, व ती लोपूंही नये. ज्या बालकास गोळी गिळतां येत नाहीं, त्याच्यासाठीं तिची पुडी किंवा पातळ औषध करावें लागतें. एखाद्यास तयार औषधांतील रंग सोसत नाहीं, तेव्हां तो वगळावा लागतो. कधीं हवी तेवढी अल्प मात्रा बाजारांत मिळतच नाहीं. अशा वेळीं हें औषध म्हणजे वरदानच होय. परंतु तयार औषधाच्या वेष्टनावर नांव, प्रमाण व मुदत हीं छापलेलीं असतात. पुडीवर बहुधा कांहींच नसतें. म्हणून जेथें वेष्टन मुकें आहे, तेथें देणाऱ्यानें व घेणाऱ्यानें बोललेंच पाहिजे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

समजा, एका मातेनें तापानें फणफणलेल्या मुलास दिवसभर दवाखान्यांतल्या पुड्या दिल्या. रात्रीं ताप वाढला, म्हणून ती त्याला दुसऱ्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. "आतांपर्यंत काय दिलें, बाई ?" असें त्यांनीं विचारलें. "पांढऱ्या पुड्या, डॉक्टरसाहेब," यापलीकडे ती माउली काय सांगणार ? त्या पुड्यांत पॅरासिटामॉल असेल, आणि दुसऱ्या डॉक्टरांनींही तेंच दिलें, तर मात्रा दुप्पट होईल. आणि अतिरिक्त मात्रेनें यकृतास गंभीर इजा होते. येथें दोष ना मातेच्या मायेचा, ना डॉक्टरांच्या विद्येचा. दोष आहे तो न झालेल्या संभाषणाचा.

मग विचारावें तरी काय ? औषधाचें नांव काय व प्रमाण किती ? तयार औषध न देतां हेंच देण्याचें कारण काय ? किती वेळां व कोणत्या मापानें द्यावें ? कोठें ठेवावें, आणि किती दिवसांनीं टाकून द्यावें ? घरांतील चमचे लहानमोठे असतात, म्हणून मापाचें झांकणच मागून घ्यावें. पातळ औषधाचा गाळ तळाशीं बसत असेल, तर बाटली हलविल्यावांचून पहिली मात्रा फिकी व शेवटची तीव्र होते. पाण्यांत केलेलें व टिकाऊ द्रव्य न घातलेलें औषध थंड जागीं ठेवूनही १४ दिवसांपलीकडे वापरूं नये, असा अमेरिकेच्या औषधसंहितेचा सर्वसाधारण दंडक आहे. रोग्याकडेही कर्तव्य आहेच : पूर्वीं कोणतें औषध बाधलें होतें व सध्यां दुसरें काय चालू आहे, हें त्यानें न विचारतां सांगावें.

कोणी म्हणेल, "प्रश्न विचारल्यानें दूषित औषध ओळखूं येतें काय ?" येत नाहीं, हें आम्हांस मान्य आहे. अमेरिकेंत २०१२ सालीं मॅसॅच्युसेट्स प्रांतांतील एका औषधशाळेनें सिद्ध केलेल्या, पाठदुखीवर मणक्यापाशीं टोंचावयाच्या औषधांत बुरशी शिरली. ७५० हून अधिक माणसें आजारी पडलीं व ६० हून अधिक दगावलीं. कोणाही रोग्याच्या प्रश्नानें ती बुरशी दिसली नसती. त्यावर २०१३ सालीं तेथें कायदाच करावा लागला. आपल्याकडेही १९४८ च्या फार्मसी कायद्यानें, चिठ्ठीवरून औषध सिद्ध करण्याचें काम नोंदणी झालेल्या औषधनिर्मात्याकडे सोंपविलें आहे. डॉक्टरांस स्वतःच्या रोग्यांपुरती मोकळीक आहे. कायद्याचें काम कायद्यानें करावें. परंतु खरोखर गरज नसतां असें औषध घेऊं नये, एवढें तरी प्रश्नानें साधतें.

डॉक्टरांच्या दारीं गर्दी असते व त्यांस वेळ थोडा असतो, हेंही खरें. परंतु पुडीच्या कागदावर औषधाचें नांव व तारीख लिहावयास अर्धें मिनिटही लागत नाहीं. जो विनयानें विचारतो तो अविश्वास दाखवीत नसून, ज्याच्या हातीं आपला जीव दिला त्याच्या कामास साह्यच करीत असतो. आणि जो डॉक्टर प्रेमानें उत्तर देतो, त्याच्यावरील श्रद्धा वाढते, घटत नाहीं.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकीं पुष्कळांच्या घरीं आजीला वाचतां येत नसेल, आईला विचारण्याचा संकोच वाटत असेल. तुम्हांस लिहितां येतें. पुढच्या खेपेस त्यांच्याबरोबर दवाखान्यांत जा, नमस्कार करून विचारा, आणि उत्तर त्या पुडीवर तेथेंच लिहून घ्या. शाळेंत शिकलेल्या अक्षरांचा याहून पुण्यकारक उपयोग आम्हांस तरी सुचत नाहीं.