स्पायनलनंतरची दहा मिनिटे

सिझेरियनच्या संमतिपत्रावर सही करताना नवरा किंवा सासू हमखास विचारते, "भुलेचा बाळाला काही त्रास तर होणार नाही ना?" आपण भूलतज्ज्ञ ठरलेले उत्तर देतो: कंबरेत सुई देणार आहोत, औषध बाळापर्यंत पोचत नाही. हे उत्तर खोटे नाही. मणक्यात सोडलेल्या दोन मिलिलिटर हेवी बुपिव्हाकेनपैकी आईच्या रक्तात जे उतरते ते नगण्य असते. पण उत्तर अपुरे आहे, कारण औषध पोचले नाही तरी आईच्या रक्तदाबाची घसरण बाळापर्यंत पोचतेच. स्पायनल दिले म्हणजे बाळाच्या बाजूचे आपले काम संपले, ही समजूत आपल्यात घट्ट बसली आहे. तिच्याविषयी या अंकात स्पष्ट लिहायचे आहे.

गरोदरपणाच्या अखेरीस गर्भाशयाच्या धमन्या जवळजवळ पूर्ण सैलावलेल्या असतात. दाब घसरला तरी मेंदू आणि मूत्रपिंडे काही मर्यादेपर्यंत आपला रक्तप्रवाह राखतात. वारेला ती सोय नाही. आईचा दाब उतरतो तसा वारेचा प्रवाहही उतरतो. स्पायनलने सिंपथेटिक नसा बंद पडतात, रक्तवाहिन्या सैल होतात, त्यात जड गर्भाशयाने व्हेना कॅव्हा दाबलेली, आणि पहिल्या काही मिनिटांतच बीपी कोसळते. धडधाकट बाळ थोड्या वेळाची घसरण सोसते. ज्याची पोटात वाढ खुंटली आहे किंवा ज्याचे ठोके लेबर रूममध्येच मंदावले होते, ते सोसेल याची खात्री देता येत नाही.

बाई "मळमळतंय" म्हणाली की आपली नजर मॉनिटरकडे जाते. ही सवय मोडायला हवी. मळमळ हे बहुधा मेंदूला रक्त कमी पडू लागल्याचे लक्षण असते. स्वतःचा प्रवाह राखू शकणारा मेंदूच तक्रार करू लागला असेल, तर वारेचे काय झाले असेल? स्पायनल दिल्यापासून बाळ बाहेर येईपर्यंत दर मिनिटाला बीपी घ्यावे, आणि औषध घसरणीची वाट न पाहता सुरू करावे. २०१८ साली 'अ‍ॅनेस्थेशिया' या नियतकालिकात आलेले आंतरराष्ट्रीय सहमतीपत्र हेच सांगते: सिस्टॉलिक दाब मूळ आकड्याच्या ९० टक्क्यांवर ठेवा, ८० टक्क्यांखाली जाऊ देऊ नका, आणि फेनिलेफ्रिन मिनिटाला २५ ते ५० मायक्रोग्रॅम या वेगाने आधीच चालू करा.

आपल्याकडे मात्र हाताशी भरलेली सिरिंज अजून मेफेन्टरमिनचीच असते. ते औषध स्वस्त आहे, ओळखीचे आहे आणि आईचे बीपी वर आणते. पण एफेड्रिनबाबत हाँगकाँगच्या वॉरविक न्गान की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे जे दाखवले ते विसरून चालणार नाही. एफेड्रिन वार ओलांडते, बाळाचा चयापचय वाढवते आणि नाळेच्या धमनीतील पीएच फेनिलेफ्रिनच्या तुलनेत खाली आणते. मॉनिटरवर आईचा आकडा छान दिसत असतो आणि नाळेच्या रक्तात आम्ल वाढलेले असते. मेफेन्टरमिन जवळपास त्याच पद्धतीने काम करते. त्यामुळे पहिली पसंती फेनिलेफ्रिनला द्यावी, असे आमचे ठाम मत आहे. आईची नाडी मंदावून बीपी पडले, तर मात्र मेफेन्टरमिन किंवा एफेड्रिनच कामाला येते.

फेनिलेफ्रिनची धास्ती सौम्य करण्याच्या हिशेबाची असते, आणि ती रास्तच आहे. १० मिलिग्रॅमचा अँप्यूल १०० मिलिलिटर सलाईनमध्ये घातला की एका मिलिलिटरमध्ये १०० मायक्रोग्रॅम येतात. बाटलीवर ठळक लेबल लावावे आणि दुसऱ्या माणसाकडून ते वाचून घ्यावे. इन्फ्युजन पंप नसलेल्या ग्रामीण रुग्णालयात, १८ आठवड्यांचे भूल-प्रशिक्षण घेतलेला वैद्यकीय अधिकारी एकटा टेबल सांभाळत असतो. तिथे ५० ते १०० मायक्रोग्रॅमचे बोलसही चालतात, पण दाब किंचित उतरू लागताच द्यायला हवेत.

नागपूरची दोन कारणे बीपी घसरण्याच्या या धोक्यात भर घालतात. पहिले आपला उन्हाळा. मे महिन्यात पारा ४५च्या आसपास असताना दुपारच्या यादीतली बाई आदल्या रात्रीपासून पाण्याच्या थेंबाविना ठेवली जाते आणि मग तिला स्पायनल मिळते. ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेत दोन तास आधीपर्यंत साधे पाणी चालते, हे वॉर्डातल्या सिस्टरपर्यंत पोचवणे आपलेच काम आहे. दुसरे कारण सिकलसेल. विदर्भात हा आजार घरोघरी ठाऊक आहे; देशपातळीवरचे निर्मूलन अभियान जुलै २०२३ मध्ये सुरू झाले, त्याच्या कितीतरी आधीपासून मेडिकल, मेयो आणि डागा रुग्णालयातले डॉक्टर अशा बाळंतिणी सांभाळत आले आहेत. सिकलसेल असलेल्या आईची वार अनेकदा आधीच दुबळी असते आणि बाळ वजनाने कमी असते. तिथे घसरलेले बीपी, थंड पडलेले थिएटर आणि कोरडे शरीर हे तिन्ही आईला क्रायसिसकडे नेतात आणि बाळाचा प्राणवायू तोडतात. तिच्यासाठी पंप, ब्लँकेट आणि गरम केलेले सलाईन आधीच तयार हवे.

संपूर्ण भुलेचे भय मात्र आपण अतोनात वाढवून ठेवले आहे. गडचिरोलीहून सुमारे पावणेदोनशे किलोमीटर अॅम्ब्युलन्समध्ये काढून एखादी बाई येते, वार सुटलेली, बाळाचे ठोके ७० वर. अशा वेळी तिला कुशीवर वळवून तिसऱ्यांदा मणका शोधणे हा बाळावर अन्याय आहे. थायोपेंटोन किंवा प्रोपोफोल बाळापर्यंत जाते, हे खरे. त्याने बाळ ढिले पडते, श्वास उशिरा घेते. पण औषधाने सुस्तावलेले बाळ बॅग-मास्कच्या काही मिनिटांच्या आधाराने सावरते. प्राणवायूविना राहिलेल्या बाळाची हानी तशी भरून निघत नाही. फक्त बालरोगतज्ज्ञ बाळ निघण्याआधी थिएटरात उभा हवा आणि भुलेची वेळ त्याला सांगितलेली हवी.

बॉस्टनच्या संजय दत्ता यांनी १९८१ साली दाखवले की संपूर्ण भूल देऊन बाळ काढायला आठ मिनिटांहून अधिक लागले, किंवा गर्भाशयावर छेद घेतल्यापासून तीन मिनिटांहून अधिक, की नवजाताची अवस्था बिघडते. छेदापासूनचा हा वेळ स्पायनलमध्येही तितकाच महत्त्वाचा असतो. आधी सिझर झालेल्या, चिकटलेल्या पोटात तो सहज वाढतो. घड्याळ पाहणारा माणूस टेबलाच्या डोक्याशी बसलेला असतो. त्याने मिनिटे मोठ्याने सांगावीत. सर्जनला त्याचा राग येऊ नये, इतका मोकळेपणा आपल्या थिएटरांत असायला हवा.

मेंदूवरच्या परिणामाची भीती आता नातेवाईकही मोबाइलवर वाचून येतात. डिसेंबर २०१६ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने इशारा दिला तो लांबलेल्या किंवा वारंवार दिलेल्या भुलेबद्दल. तान्ह्या वयात तासाभराहून कमी सेव्होफ्लुरेन मिळालेल्या मुलांची बुद्धिमत्ता पाचव्या वर्षी तपासली, तेव्हा ती जागेपणी भूल दिलेल्या मुलांइतकीच निघाली. हा अभ्यास २०१९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. सिझेरियनमध्ये बाळाला मिळणारी भूल काही मिनिटांची असते. हे त्यांना शांतपणे सांगता येते.

बाळ बाहेर आल्यावरही आपला संबंध संपत नाही. एसी किती अंशांवर ठेवायचा हे बऱ्याचदा आपल्याच सांगण्यावरून ठरते. २५ अंशांखालच्या थिएटरात ओले बाळ मिनिटागणिक गार पडते. वेदनाशामक म्हणून सवयीने लिहिले जाणारे ट्रॅमाडॉल अंगावर पाजणाऱ्या आईला देऊ नये, असे एफडीएने २०१७ मध्येच सांगितले आहे; पॅरासिटामॉल आणि डायक्लोफेनॅकवर बहुतेक बायकांचे भागते.

व्हर्जिनिया अपगर भूलतज्ज्ञ होत्या, आणि १९५३ साली छापलेल्या आपल्या गुणांकनाने त्यांनी सिझेरियनमधल्या स्पायनलची आणि संपूर्ण भुलेची तुलनाही केली होती. आपल्या भुलेच्या कागदावर मात्र बाळासाठी एक ओळही नसते. मूळ बीपी, सर्वांत खालचे बीपी आणि ते किती मिनिटे टिकले, कोणते औषध किती, छेदापासून बाळापर्यंतची सेकंदे, पहिल्या आणि पाचव्या मिनिटाचा अपगर, आणि एबीजी यंत्र जिथे आहे तिथे नाळेच्या धमनीचा पीएच. एवढे लिहायला जागा करून घ्यावी. नागपूर आणि सेवाग्राम इथल्या महाविद्यालयांत एमडीच्या प्रबंधासाठी विषय शोधणाऱ्यांनी सिकलसेलग्रस्त मातांमध्ये मेफेन्टरमिन आणि फेनिलेफ्रिन यांची नाळेच्या पीएचवर तुलना करावी. या मातांची संख्या इथे मोठी आहे, आणि या प्रश्नाचे उत्तर बाहेरून येण्याची वाट पाहण्याचे कारण नाही.