विश्लेषण : निवडून दिले एका बाजूने, आमदार बसले दुसऱ्या बाजूला, पुणेकर मतदाराच्या हाती काय उरते?

पुण्यातील वडगाव शेरी आणि हडपसर या मतदारसंघांनी २०१९ मध्ये भाजपच्या विद्यमान आमदारांना पराभूत करून राष्ट्रवादीचे ‘घड्याळ’ निवडले. चार वर्षांच्या आत घड्याळ भाजपसोबतच्या सरकारमध्ये जाऊन बसले. मतदारांना कुणी विचारले नाही. आमदाराने पक्षाची भूमिका सोडली, असे मतदाराला वाटले तर त्याला करता येण्यासारखे काय असते? कायदा त्याच्या बाजूने आहे का?

नेमके काय घडले होते?

२०१९ च्या विधानसभा निवडणुकीत वडगाव शेरीतून सुनील टिंगरे यांनी भाजपचे जगदीश मुळीक यांचा, तर हडपसरमधून चेतन तुपे यांनी भाजपचे योगेश टिळेकर यांचा पराभव केला. दोन्ही लढती चुरशीच्या होत्या आणि दोन्हीकडे मताधिक्य पाच हजारांच्या आत होते. प्रचाराचा सूर भाजपविरोधी होता.

२ जुलै २०२३ रोजी अजित पवार यांनी उपमुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली आणि राष्ट्रवादी दुभंगली. टिंगरे आणि तुपे पुढे अजित पवार यांच्यासोबत राहिले. ज्यांनी भाजप नको म्हणून मत दिले, त्यांचे मत अशा रीतीने भाजपच्या सरकारच्या पारड्यात पडले.

२०२४ मध्ये मतदारांनी हिशेब चुकता केला का?

याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. वडगाव शेरीत शरद पवार गटाचे बापूसाहेब पठारे यांनी टिंगरे यांचा पाच हजारांपेक्षा कमी मतांनी पराभव केला. हडपसरमध्ये मात्र तुपे यांनी शरद पवार गटाचे प्रशांत जगताप यांना सुमारे सात हजार मतांनी हरवून आमदारकी राखली. एकाच शहरात, एकाच निवडणुकीत, सारख्याच निर्णयावर दोन वेगळे कौल आले.

वडगाव शेरीचा कौल म्हणजे निष्ठेचा विजय, असेही म्हणता येत नाही. पठारे स्वतः भाजपमध्ये जाऊन निवडणुकीपूर्वी परतलेले होते. शिवाय मे २०२४ मधील कल्याणीनगर पोर्शे अपघातानंतर टिंगरे पोलीस ठाण्यात गेल्याचा मुद्दा विरोधकांनी लावून धरला होता. हस्तक्षेप केल्याचा आरोप टिंगरे यांनी फेटाळला होता. हडपसरमध्ये मनसेच्या उमेदवारामुळे लढत तिरंगी झाली.

म्हणजे पाच वर्षांची नाराजी, स्थानिक कामे, जातीची गणिते, उमेदवाराची प्रतिमा आणि राज्यातील वारे, हे सगळे एकाच बटणात कोंबले जाते. त्यातून ‘भूमिका का बदलली?’ या प्रश्नाचे उत्तर वेगळे काढता येत नाही. याचा फायदा आमदारांना होतो. जिंकले तर ‘जनतेने निर्णय मान्य केला’ आणि हरले तर ‘कारणे स्थानिक होती’.

कसब्याचा अनुभव काय सांगतो?

कसबा पेठ १९९५ पासून भाजपकडे होता. मुक्ता टिळक यांच्या निधनानंतर फेब्रुवारी २०२३ मध्ये झालेल्या पोटनिवडणुकीत काँग्रेसचे रवींद्र धंगेकर यांनी भाजपचे हेमंत रासने यांना सुमारे ११ हजार मतांनी हरवले. महाविकास आघाडीची एकजूट हे एक कारण होते. टिळक कुटुंबाला उमेदवारी नाकारल्याची हक्काच्या मतदारांतील नाराजी, हे दुसरे कारण सांगितले गेले.

पुढच्याच वर्षी रासने जिंकले. आणि मार्च २०२५ मध्ये धंगेकर एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेत गेले. महायुतीला धडा शिकवण्यासाठी ज्यांना निवडले, तेच महायुतीत दाखल झाले. तेव्हा ते आमदार नव्हते, त्यामुळे कायद्याचा प्रश्न आला नाही. मतदाराचा प्रश्न मात्र उरलाच.

पक्षांतरबंदी कायदा काय करतो?

१९८५ मध्ये राज्यघटनेत दहावे परिशिष्ट आले. स्वेच्छेने पक्ष सोडला किंवा पक्षादेशाविरुद्ध मतदान केले, तर आमदार अपात्र ठरू शकतो. एक तृतीयांश आमदारांच्या फुटीला असलेले संरक्षण २००३ च्या घटनादुरुस्तीने काढले. विलीनीकरणाला दोन तृतीयांशांची सवलत कायम आहे. निर्णय विधानसभा अध्यक्षांचा असतो आणि त्यासाठी कायद्यात मुदत नाही. सर्वसाधारणपणे तीन महिन्यांत निर्णय व्हावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये मणिपूरच्या प्रकरणात म्हटले होते. शिवसेनेचा वाद जून २०२२ चा, अध्यक्षांचा निर्णय १० जानेवारी २०२४ चा.

राष्ट्रवादीच्या बाबतीत निवडणूक आयोगाने ६ फेब्रुवारी २०२४ रोजी पक्षाचे नाव आणि चिन्ह अजित पवार गटाला दिले. १५ फेब्रुवारीला अध्यक्षांनीही तोच गट खरा पक्ष ठरवला. कुणीही अपात्र ठरले नाही. म्हणजे कायद्याच्या लेखी टिंगरे आणि तुपे यांनी पक्ष सोडलाच नाही.

खरी मेख इथे आहे. कायदा आमदारांची संख्या मोजतो, पण मते मागताना काय सांगितले होते, हे विचारत नाही. सर्वोच्च न्यायालयाने घड्याळ वापरताना ‘प्रकरण न्यायप्रविष्ट आहे’ असा खुलासा जाहिरातीत छापायला सांगितले होते. घड्याळ तेच, पण सोबत कुणाची, हे मतदाराने त्या बारीक अक्षरांतून ओळखायचे.

आमदाराला परत बोलावता येते का?

नाही. महाराष्ट्रात थेट निवडून आलेल्या सरपंचाविरुद्ध सदस्यांनी मंजूर केलेला अविश्वास ठराव ग्रामसभेसमोर मतदानाला जातो. म्हणजे गावकऱ्यांना जो अधिकार आहे, तो पुण्यासारख्या शहरातील मतदाराला आमदाराबाबत नाही. ब्रिटनमध्ये २०१५ पासून खासदाराला परत बोलावण्याचा कायदा आहे. दहा टक्के मतदारांनी सह्या केल्या की जागा रिकामी होते. पण त्यासाठी शिक्षा किंवा निलंबनासारखे कारण लागते. तिथेही केवळ पक्ष बदलला म्हणून ही प्रक्रिया सुरू होत नाही.

मग मार्ग कोणता?

मार्ग महाराष्ट्रातच दिसलेला आहे. २०१९ मध्ये उदयनराजे भोसले यांनी राष्ट्रवादीच्या खासदारकीचा राजीनामा दिला, भाजपमध्ये गेले आणि साताऱ्यात पोटनिवडणुकीला सामोरे गेले. श्रीनिवास पाटील यांनी त्यांना ८७ हजारांहून अधिक मतांनी हरवले. २०२४ मध्ये त्याच साताऱ्याने उदयनराजेंना भाजपचे खासदार म्हणून निवडले. कर्नाटकात तर २०१९ च्या पोटनिवडणुकांत भाजपने पंधरापैकी बारा जागा जिंकल्या आणि त्यांत पक्ष बदललेले अनेक जण होते. कौल कोणताही असो, मतदाराला विचारले गेले होते.

सत्तेसोबत गेल्याशिवाय निधी मिळत नाही, हा आमदारांचा युक्तिवाद अगदीच खोटा नाही. रखडलेले रस्ते आणि पाणी पाहणाऱ्या मतदाराला तो पटूही शकतो. पण पटतो की नाही, हे ठरवण्याचा अधिकार मतदाराचा आहे. म्हणून निवडणूकपूर्व आघाडी सोडून समोरच्या बाकावर जाणाऱ्याने राजीनामा देऊन पुन्हा कौल घ्यावा, अशी तरतूद दहाव्या परिशिष्टात हवी. पोटनिवडणुकीचा खर्च होईल, हे खरे. त्या खर्चाच्या धास्तीने तरी उडी मारण्यापूर्वी चार वेळा विचार होईल.

तोवर मतदाराकडे एकच साधन आहे. पुढच्या वेळी दारात येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला, मग तो कोणत्याही चिन्हाचा असो, कामांच्या यादीआधी एक प्रश्न विचारावा : ‘पक्ष फुटला, तर राजीनामा देऊन परत आमच्याकडे याल का?’ उत्तर मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवावे. पाच वर्षांनी ते ऐकवता येईल.