कार्बोरेटरचा स्क्रू सर्वांत शेवटी

मृगाची पेरणी होऊन सोयाबीन चार पानांवर आले, की निपाणी-चिकोडीकडे पाठीवरचे पेट्रोलचे फवारणी पंप माळ्यावरून खाली निघतात. दोरी ओढून खांदा भरून येतो, पण इंजिन धरत नाही. धरले तरी रेस सोडताच बंद पडते. मग पहिला हात जातो तो कार्बोरेटरच्या स्क्रूकडे. आमच्या मते तिकडे हात सर्वांत शेवटी गेला पाहिजे.

माळ्यावर पडल्या पडल्या हा स्क्रू आपणहून फिरत नाही. गेल्या हंगामात इंजिन नीट चालत होते, तर बिघडले आहे ते दुसरेच काही. बहुतेक वेळा ते म्हणजे टाकीत राहिलेले पेट्रोल. ते उडून जाते आणि मागे उरलेला चिकट थर जेटचे बारीक भोक बुजवतो.

आजच्या पेट्रोलात सुमारे २० टक्के इथेनॉल असते. देशाने हे प्रमाण २०२५ साली गाठले. त्यातले काही उसापासून होते, म्हणजे आपलाच ऊस आपल्या पंपात परत येतो. म्हणून त्याला सरसकट नावे ठेवणे आम्हाला मान्य नाही. पण इथेनॉल पाणी ओढून घेते, हेही खरे. पाणी फार झाले की दोन्ही मिळून टाकीच्या तळाशी बसतात आणि ऑइल वरच्या पेट्रोलात राहते. टू-स्ट्रोक इंजिनाला वंगण मिळते ते पेट्रोलात मिसळलेल्या ऑइलातूनच. तळचे पाणी आत गेले की पिस्टन कोरडा चालतो व जाम होतो. तेव्हा हंगाम संपला की टाकी रिकामी करावी, आणि उरलेले पेट्रोल संपून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे. एवढे केले तरी पुढच्या जूनमधली निम्मी कटकट वाचेल.

आता पंप सुरूच होत नसेल, तर आधी ताजे पेट्रोल घाला. ऑइलचे प्रमाण पुस्तिकेत दिले आहे तेच ठेवा. एअर फिल्टर व प्लग स्वच्छ करा. जेट हवेने फुंकून साफ करावा, तार घालू नये. भोक मोठे होते. एवढ्यावरही इंजिन स्लोला टिकत नसेल तरच स्क्रू.

तो हलक्या हाताने टेकेपर्यंत आवळा आणि किती फेरे झाले ते लिहून ठेवा. जोर केला तर टोक बिघडते. मग साधारण दीड फेरा सोडा, इंजिन चांगले तापू द्या आणि पाव-पाव फेऱ्याने दोन्हीकडे फिरवून पाहा. वेग सर्वांत जास्त व एकसारखा लागेल तेथे थांबा. टू-स्ट्रोक असेल तर तेथून किंचित जास्त पेट्रोलाकडे ठेवा. फिल्टरच्या बाजूचा स्क्रू बहुधा हवेचा असतो, तो आवळला की पेट्रोलाचे प्रमाण वाढते. इंजिनाच्या बाजूचा बहुधा पेट्रोलाचा, तो आवळला की कमी होते. पूर्ण वेगाचा वेगळा स्क्रू असेल तर त्याला हात लावू नका. पेट्रोल वाचवण्यासाठी मिश्रण पातळ करणारे पुष्कळ आहेत. चार रुपये वाचतात, इंजिन तापते आणि पिस्टन जातो.

हे काम गॅरेजवाल्याचेच, असे कोणी म्हणेल. ज्या बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली, तेथल्या शेतकऱ्याला एक स्क्रू लावता येऊ नये, हे आम्हाला पटत नाही.

मात्र हे सारे उघड्या अंगणात करावे. स्क्रू लावताना इंजिन बराच वेळ चालू राहते, आणि त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. पेट्रोल जास्त जात असेल तर तो वायू आणखी वाढतो. दार लावलेल्या शेडमध्ये डोके दुखू लागले, मळमळले, की तो थकवा समजू नका. ताबडतोब बाहेर या. उन्हाळ्यात पाणी खाली गेले म्हणून पेट्रोल किंवा रॉकेलचे इंजिन विहिरीच्या आत टप्प्यावर उतरवतात, ते तर कधीच करू नये. इंजिन वर ठेवा. वरून पाणी ओढले जात नसेल तर विजेची मोटर सोडा. विहिरीत कोणी बेशुद्ध पडलाच, तर त्याच्यामागे तसेच उतरू नका. ११२ ला फोन करून अग्निशमन दलाला बोलवा, आणि ते येईपर्यंत घरच्यांना काठावरून मागे धरून ठेवा.