वडगाव आणि वडगावी

बेळगावच्या ज्या भागाला आम्ही वडगाव म्हणतो, त्यालाच आमचे कानडी शेजारी वडगावी म्हणतात. पुण्याजवळही एक वडगाव आहे. 1779 साली इंग्रजांना तह करावा लागला ते. या साम्यावरून मुलखावर हक्क सांगणारी भाषणे आमच्याच सभांतून होतात, आणि आयुष्य न्यायालयात काढलेल्या आम्हांस तेव्हा संकोच वाटतो.

नाव हा पुरावा खरा, पण कशाचा? ज्याने नाव ठेवले त्याच्या बोलीचा. आज तिथे राहणाऱ्याच्या भाषेचा नव्हे. हैदराबाद दख्खनात आहे तसे सिंधमध्येही आहे. म्हणून दोन्हीकडे एक भाषा झाली नाही. प्रतिपक्ष 'कविराजमार्गा'चा दाखला देऊन कानडी मुलूख गोदावरीपर्यंत नेतो. त्याच न्यायाने श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी मराठी लेख आहे, म्हणून आम्ही हासन जिल्हा मागावा काय?

1 नोव्हेंबर 2014 रोजी बेळगावचे 'बेळगावी' झाले. शिलालेखांत हेच गाव 'वेणुग्राम' म्हणून येते. वेणू म्हणजे वेळू, आणि 'गाव' काय किंवा 'गावी' काय, मूळ 'ग्राम'च. म्हणजे नामांतराने मूळ शब्द बदललाच नाही, फक्त उच्चार कानडी झाला. त्या उच्चाराशी आमचे भांडण नाही. तोंडाला येईल तसे कानडी माणसाने म्हणावे. सरकारी कागदावरून आमचा उच्चार पुसला जातो, भांडण त्याच्याशी आहे.

सीमाप्रश्नात आमची बाजू उभी आहे ती खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा या चार तत्त्वांवर. महाराष्ट्राने 2004 साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. तिथे व्युत्पत्तीचे टिपण नव्हे, खेड्याखेड्यांतील शिरगणती उपयोगी पडेल. आणि सीमा कुठेही ठरो, गाऱ्हाणे राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडण्याचा हक्क घटनेचा अनुच्छेद 350 आजही देतोच. तो वापरणारे किती?

गेल्या वर्षी आमच्या एका वृद्ध पक्षकाराचे वारसाचे प्रकरण एका कार्यालयाने परत केले. आजोबांच्या खरेदीखतात 'वडगाव', उताऱ्यात 'वडगावी'. दोन्ही गावे एकच असल्याचे शपथपत्र आम्हांस करून द्यावे लागले, तेही कानडीत; सही तेवढी त्यांनी मोडीवळणाच्या मराठीत केली.