वारा घाटावर, पोरे किनाऱ्यावर

रायगडच्या किनाऱ्यावरच्या मुलाने पवनऊर्जेचे प्रशिक्षण घ्यावे का, या प्रश्नाला चटकन 'हो' म्हणावेसे वाटते. समुद्र दारात आहे आणि देशाची पवनऊर्जा क्षमता २०२५ मध्ये ५० हजार मेगावॅटच्या पुढे गेली आहे. पण महाराष्ट्रातल्या पवनचक्क्या मुख्यतः घाटावर फिरतात: साताऱ्यात चाळकेवाडी-वनकुसवडे, सांगलीकडे ढालगाव, धुळ्यात साक्रीजवळ ब्राह्मणवेल. कोकणाला हे यंत्र नवे नाही. १९८६ मध्ये देशातले पहिले प्रकल्प उभे राहिले, तेव्हा गुजरातमधल्या ओख्याबरोबर रत्नागिरीचेही नाव होते. पुढे मात्र हा धंदा सह्याद्री चढून गेला.

भर समुद्रातल्या पवनचक्क्यांचे काय? त्यासाठीचे राष्ट्रीय धोरण २०१५ चे. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७,४५३ कोटी रुपयांची योजना मंजूर केली, ती एक हजार मेगावॅटसाठी. निम्मे गुजरातला, निम्मे तमिळनाडूला. रायगडपुढच्या समुद्राचा त्यात वाटा नाही. तेव्हा 'घराजवळ नोकरी मिळेल' असे सांगून कोणी प्रवेश भरत असेल, तर पालकांनी त्याला तिथेच थांबवावे.

तरीही 'नोकऱ्या येऊ देत, मग शिकवू' हे म्हणणेही या जिल्ह्याला पटणार नाही. उरणच्या जासई परिसरात जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी जमिनीसाठी उभे राहिले, गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले. १९८९ मध्ये न्हावाशेवा बंदर सुरू झाले. मोठ्या प्रकल्पांचा या भागातला अनुभव असा की जमीन गेलेल्या घराच्या हाती प्रकल्पग्रस्त दाखला राहतो, आणि यंत्रावरची जागा ज्याला ते यंत्र आधीपासून येते त्याला मिळते. प्रकल्प आल्यावर शिकायला बसणाऱ्याला उशीर झालेला असतो. या बाजूचे वजन आम्हाला कमी वाटत नाही.

दुसऱ्या पारड्यात एक साधी अडचण आहे, तिची चर्चा फारशी होत नाही. या क्षेत्रात जगभर चालणारे सुरक्षा प्रशिक्षण 'ग्लोबल विंड ऑर्गनायझेशन'च्या नियमांप्रमाणे होते: प्रथमोपचार, आग, ओझे उचलणे, उंचीवरचे काम, आणि समुद्रात जाणाऱ्यांसाठी जीवरक्षण. उंचीवरच्या कामासारखे प्रमाणपत्र दोन वर्षांत संपते. पुन्हा पैसे भरून उजळणी करावी लागते. नोकरी नसताना कर्ज काढून ते घेतलेल्या मुलाकडे दोन वर्षांनी उरते ती परतफेड. मासळीच्या हंगामावर चालणाऱ्या घराला हा जुगार परवडणारा नाही.

आणि काम तरी कसले? मनोऱ्याच्या पोटातून उभी शिडी जाते. अंगावर पट्ट्यांचा हार्नेस, तो शिडीलगतच्या तारेवर सरकणाऱ्या कुलुपाला अडकवलेला. ऐंशी-शंभर मीटर चढून वर पोचले की जनित्राची अरुंद खोली. तिथे तेल, ग्रीस, ब्रेक, केबल पाहायच्या. बोल्ट ठरलेल्या जोराने आवळायचा आणि त्याच्यावरून खालच्या पोलादापर्यंत रंगाची एक रेघ ओढायची. पुढच्या फेरीत ती रेघ तुटलेली दिसली तर बोल्ट हलला आहे. हे मुळात फिटर आणि इलेक्ट्रिशियनचेच काम आहे, फक्त उंचीवर केलेले.

म्हणूनच क्रम महत्त्वाचा. आधी आयटीआयची दोन वर्षे, मग अप्रेंटिसशिप, आणि उंचीचे प्रमाणपत्र नेमणूक हातात आल्यावर, कंपनीच्या खर्चाने. हे पायाभूत कसब वाया जात नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ दिवेआगर-श्रीवर्धनवरून गेले, तेव्हा खांब आडवे झाले आणि गावेच्या गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. खांबावर चढून तार जोडणारा माणूस त्या दिवसांत किती दुर्मीळ होता, हे म्हसळ्या-मुरुडच्या लोकांना वेगळे सांगायला नको. पवनचक्की मिळाली नाही तरी महावितरण, बंदर, डोलवी-थळचे कारखाने त्याला घेऊ शकतात.

प्रशिक्षणातल्या समुद्राच्या भागासाठी तर नवी इमारत बांधायचीही गरज नाही. न्हाव्याच्या 'टी. एस. रहमान' या नौप्रशिक्षण संस्थेची मुळे १९१० पर्यंत जातात. जीवरक्षक जाकीट घालून पाण्यात उडी घेणे, उलटलेला तराफा सुलटा करणे हे प्रत्येक खलाशाला आजही शिकावेच लागते. त्यात हेलकावणाऱ्या बोटीतून मनोऱ्याच्या शिडीवर पाय टाकण्याचा सराव जोडायचा; वल्हवत वाढलेल्या कोळ्याच्या पोराला त्याची निम्मी तालीम घरीच झालेली असते. उंचीच्या सरावासाठी जिल्ह्यातल्या एखाद्या आयटीआयच्या आवारात शिडीचा एक मनोरा पुरे.

जागा मोजक्याच आहेत, हे मात्र मान्य करायला हवे. उभारणीच्या वेळी माणसे पुष्कळ लागतात. पंखा फिरू लागला की देखभाल थोड्या तंत्रज्ञांवर चालते, आणि त्यातही ठेकेदारी शिरली आहे. तेव्हा सरकारने पवनऊर्जेच्या कामासाठीचा 'वायुमित्र'सारखा अभ्यासक्रम इथे आणताना किती मुले शिकली हा आकडा छापून थांबू नये. मागच्या तुकडीतले किती जण वर्षानंतरही कामावर आहेत, नेमणूकपत्र कंपनीचे की ठेकेदाराचे, अपघात विमा कोण भरतो, हे केंद्राच्या दारावर लावावे. प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी आई-बापांनी तो कागद वाचावा, आणि तो लावलेला नसेल तर मागावा.