रिकाम्या जागेची ओढ

१९९० च्या सुमारास मी एका तालुक्याच्या गावी शाखाधिकारी होतो. एके दिवशी एक गृहस्थ जाडजूड फाईल घेऊन कर्ज मागायला आले. त्यांना 'शून्यातून वीज' काढणारे यंत्र उभारायचे होते. फाईलीत कोटेशने होती, सातबारा होता. वीज कुठून येणार एवढेच नव्हते. "साहेब, पोकळी रिकामी नसते," ते ठामपणे म्हणाले. मी चहा पाजून अर्ज परत केला. त्यांचे ते वाक्य अगदी बरोबर होते, हे मला निवृत्तीनंतरच्या वाचनात कळले.

हे गृहस्थ आठवायला कारण आहे. केंद्राने २०२३ साली ६,००३ कोटींचे राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केले. त्यातले सूक्ष्म मोजमापांच्या उपकरणांचे केंद्र आपल्या पवईच्या आयआयटीत आहे. उपकरणे जितकी बारीक होत जातात, तितकी त्यांची गाठ या 'रिकाम्या' पोकळीशी पडते.

१९४८ मध्ये हॉलंडच्या फिलिप्स कंपनीच्या प्रयोगशाळेत हेंड्रिक कॅसिमिर नावाच्या शास्त्रज्ञाने एक गणित मांडले. द्रवात तरंगणाऱ्या बारीक कणांच्या एका व्यावहारिक कोड्यातून ते निघाले होते. हवा, उष्णता, सारे काही काढून घेतले तरी पोकळीतली विद्युतचुंबकीय थरथर पुरती थांबत नाही. धातूचे दोन गुळगुळीत पत्रे समोरासमोर अगदी जवळ धरले, की त्यांच्या मधल्या फटीत काही ठरावीक लहरीच मावतात. बाहेर मात्र सगळ्यांना मोकळे रान. परिणामी पत्र्यांवर विद्युतभार नसतानाही ते एकमेकांकडे ओढले जातात.

ही ओढ अंतराच्या चौथ्या घाताने वाढते. अंतर निम्मे केले की ओढ सोळा पट! दोन आदर्श पत्र्यांत एक मायक्रॉनची फट असेल, तर दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे आठ कोटींवा हिस्सा. फट त्याच्या शंभराव्या भागावर आणली, की हाच दाब वातावरणाएवढा होतो. असले बळ मोजायचे कसे? १९५८ च्या प्रयोगातून 'सिद्धान्ताला विरोध दिसत नाही' इतपतच म्हणता आले. खात्रीचे मोजमाप १९९७ साली अमेरिकेत लामोरो यांनी केले आणि पुढच्याच वर्षी उमर मोहिदीन व अनुश्री रॉय यांनी त्याहून नेमके.

आता तुमच्या खिशातला मोबाईल घ्या. तो आडवा केला की चित्र आडवे होते, ते आतल्या सिलिकॉनच्या एका चिमुकल्या हलत्या पट्टीमुळे. ती सिलिकॉनच्याच स्प्रिंगांवर टांगलेली असते. स्प्रिंगचा ताण अंतराच्या सरळ प्रमाणात वाढतो, पोकळीची ओढ मात्र चौथ्या घाताने. बँकेत अशी खाती मी पुष्कळ पाहिली : उत्पन्न सरळ व्याजाने, देणे चक्रवाढीने. समांतर पट्ट्यांमध्ये दुसरे कुठलेच बळ नसेल, तर मूळ फटीच्या एक पंचमांशाहून पट्टी जास्त सरकली की स्प्रिंग हरते. पट्टी समोरच्या भिंतीवर आदळते आणि बहुधा तिथेच चिकटून बसते.

पण भिण्याचे कारण नाही. मोबाईलमधल्या फटी साधारण मायक्रॉनच्या घरातल्या असतात. तिथे ही ओढ नगण्य. कारखान्यात अशा पट्ट्या चिकटतात, त्या मुख्यतः धुतल्यानंतर सुकताना राहिलेल्या ओलाव्याच्या पृष्ठताणामुळे. उगाच क्वांटमच्या नावाने बोटे मोडू नयेत. खरा प्रश्न त्याच्या दहावा-विसावा भाग फट असलेल्या उद्याच्या उपकरणांचा आहे. २००१ मध्ये बेल प्रयोगशाळेत अर्धा मिलिमीटरची सिलिकॉनची पट्टी बारीक दांड्यांवर टांगून तिच्याजवळ सोन्याचा मुलामा दिलेला गोळा आणला. विजेचा प्रभाव खोडून काढलेला, स्पर्श नाही. तरी पट्टी कलली. पुढे त्याच गटाने अशा पट्टीच्या कंपनांची लयही या ओढीने बदलते, हे दाखवले. म्हणजे जी अडचण, तीच मोजपट्टीही होऊ शकते.

ओढीऐवजी ढकल मिळाली तर? निर्वातात एकमेकांची आरशातली प्रतिमा असलेल्या दोन वस्तू ओढल्याच जातात, असे २००६ मध्ये गणिताने सिद्ध झाले. मग शास्त्रज्ञ द्रवाकडे वळले. २००९ साली सोने आणि काच यांच्यामध्ये ब्रोमोबेंझीन ठेवून ढकल मोजली गेली. २०१९ मध्ये तर अल्कोहोलमध्ये, टेफ्लॉनचा पातळ थर दिलेल्या सोन्यावर सोन्याचीच एक चिप तरंगत ठेवली. जवळ गेली तर ढकलली जाते, लांब गेली तर ओढली जाते. मला हा प्रयोग फार आवडला. मात्र द्रवात बुडालेली पट्टी मोकळेपणी हलायची कशी, हा प्रश्न उरतोच.

आणि त्या गृहस्थांची वीज? पत्रे जवळ येताना थोडे काम देतात खरे. पण ते पुन्हा लांब करायला तेवढेच काम मोजावे लागते. फेरी पूर्ण झाली की हाती नफा नाही, उलट घर्षणाची खोट. त्यांच्या अर्जावर मी शेरा मारला होता : 'कच्चा माल कोणता, याचा खुलासा करावा.' गृहस्थ पुन्हा फिरकले नाहीत. 'क्वांटम'चे नाव घेऊन अशाच फाईली आता नव्याने निघतील. ज्यांच्या टेबलावर त्या येतील, त्यांनी चहा जरूर पाजावा आणि हा शेराही मारावा.