पॅकेजांचा तंटा आणि घाईचे ‘होय’



आमच्या काही वाचक-कुटुंबांत हल्ली एखादा जुना संगणक असतो व मुलांनी त्यावर डेबियन किंवा उबुंटू ही विनामूल्य प्रणाली बसविलेली असते. अशा घरांतून एक तक्रार वारंवार आमच्या कानी येते. प्रणालीची नवी आवृत्ती चढवू लागले की काम अर्ध्यावर थांबते, पडद्यावर इंग्रजी मजकुराची रांग उमटते आणि यंत्र विचारते, इतकी पॅकेजे काढून टाकावी लागतील, पुढे जाऊ काय? मुलगा घाईने ‘होय’ म्हणतो. सकाळी पाहावे तो खिडक्या नाहीत, चित्रे नाहीत, नुसता काळा पडदा. ह्या ‘होय’विषयी आज चार शब्द लिहावे असे आम्ही योजिले आहे.

डेबियनचा प्रकल्प इयन मर्डॉक ह्या तरुणाने १९९३ साली आरंभिला. त्याची बुकवर्म नावाची १२ वी आवृत्ती १० जून २०२३ रोजी निघाली व ट्रिक्सी नावाची १३ वी ९ ऑगस्ट २०२५ रोजी. (ही नावे ‘टॉय स्टोरी’ ह्या मुलांच्या बोलपटांतील खेळण्यांची आहेत, मोठ्या माणसांनाही असा पोरकटपणा शोभतो, असे आम्हांस वाटते.) ट्रिक्सीत ६९ हजारांहून अधिक पॅकेजे आहेत. पॅकेज म्हणजे बांधलेले गाठोडे होय. आत प्रोग्रामच्या फायली असतातच, परंतु वर एक चिठ्ठीही असते: मला अमुक पॅकेज अमुक आवृत्तीचे लागते, तमुकाशी माझे पटत नाही, फलाण्या जुन्याची जागा मी घेतो. ह्या चिठ्ठ्या वाचून सर्वांचा मेळ घालण्याचे काम एपीटी करतो, आणि गाठोडी सोडून फायली जागच्या जागी ठेवण्याचे काम डीपीकेजी करतो. हा दुसरा मोठा काटेकोर. एकच शेत दोन निराळ्या उताऱ्यांवर चढवू न देणाऱ्या तलाठ्याप्रमाणे, एका फायलीवर दोन पॅकेजांनी हक्क सांगितला की तो तेथेच थांबतो व दोघांचीही नावे पुढे ठेवतो.

मग तंटा उद्भवतो कोठून? ट्रिक्सीचेच उदाहरण घेऊ. ह्या प्रणाली काळ मोजतात तो १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांनी. जुन्या पद्धतीत ह्या संख्येस ३२ बिटांची जागा असे, आणि ती १९ जानेवारी २०३८ रोजी अपुरी पडावयाची आहे. डेबियनने ती बहुतेक ठिकाणी रुंद केली, आणि त्यापायी पुष्कळशा सामायिक लायब्ररींच्या नावांस ‘टी६४’ हे शेपूट जोडावे लागले. लिबएसएसएल३ची लिबएसएसएल३टी६४ झाली. दोघींच्या फायली त्याच नावाच्या, म्हणून त्या एकत्र नांदत नाहीत. नवी आली की जुनीने उठावेच लागते. नेहमीच्या ६४ बिटांच्या यंत्रावर नवी लायब्ररी जुन्या नावाने हाक मारली तरी ओ देते, म्हणून डेबियनच्या स्वतःच्या पॅकेजांत हा पालट बहुधा निमूट पार पडतो. घोडे अडते ते बाहेरच्या भांडारातून आणलेल्या एखाद्या पॅकेजापाशी. त्याची चिठ्ठी जुन्या प्रणालीसाठी लिहिलेली. एका ठराविक जुन्या आवृत्तीवाचून त्याचे चालत नाही. ते हटत नाही म्हणून जुनी लायब्ररी हटत नाही, म्हणून नवी येत नाही, आणि तिच्यावर विसंबलेली सारी मंडळी दारात ताटकळत राहतात.

सबब आवृत्ती बदलण्यापूर्वीच घर आवरून ठेवावे. मुलांचे निबंध, शेताचा हिशेब, लग्नाची छायाचित्रे ह्यांची प्रत वेगळ्या डिस्कवर काढावी. हे प्रथम, बाकी सारे नंतर. जुनी आवृत्ती तिच्या शेवटच्या सुधारणांपर्यंत आणावी. बाहेरची भांडारे यादीतून तात्पुरती बंद करावी, आणि कोणी एखादे पॅकेज ‘हलवू नये’ म्हणून अडकवून ठेवले आहे काय ते पाहावे. मग भांडाराचे नाव बदलून चढाई दोन टप्प्यांनी करावी, असा डेबियनचाच सल्ला आहे: प्रथम नवीन पॅकेजे न आणता व काही न काढता जेवढे वर नेता येईल तेवढे न्यावे, आणि मगच पूर्ण चढाई. एपीटीला नुसती रंगीत तालीमही करावयास सांगता येते. त्यात यंत्रावर काही बदलत नाही, केवळ काय होणार ते कळते.

काढावयाच्या पॅकेजांची यादी मात्र अथपासून इतिपर्यंत वाचावी. टी६४ची जुनी भावंडे त्यात दिसली तर चिंता नको. डेस्कटॉपचे नाव दिसले तर ‘नाही’ म्हणून उठावे. २०२१ साली एका नामांकित चित्रफीतकाराने, उबुंटूवर उभारलेल्या पॉप ओएस ह्या प्रणालीत, स्टीम हा खेळांचा प्रोग्राम बसवावयास घेतला. पॅकेजांच्या जुळणीत तेव्हा दोष होता. एपीटीने बजावले की अत्यावश्यक पॅकेजे जातील, आणि ‘होय, मी सांगतो तसे कर’ अशा अर्थाचे अख्खे इंग्रजी वाक्य टंकावयास लावले. त्यांनी ते टंकले, आणि डेस्कटॉप गेला! पुढे एपीटीच्या रचनाकारांनी ही वाट अधिक अरुंद केली. दोष मुळात पॅकेजाचाच होता हे खरे. तथापि यंत्राने बोलावयाचे ते बोलून दाखविले होते.

काम मध्येच थांबलेच, तर घाबरून वीज बंद करू नये. अर्धवट राहिलेली पॅकेजे पुरी करण्याची आज्ञा प्रथम डीपीकेजीला द्यावी, मग मोडलेले सांधण्याची एपीटीला. तरीही गाठ सुटली नाही, तर संदेशात ज्या परक्या पॅकेजाचे नाव येते ते काढावे व पुनः चालावे. फायलीवर फाईल बळजबरीने लिहिण्याची आज्ञाही आहे. परंतु त्या दोन्ही पॅकेजांची ओळख पटल्यावाचून तिला हात लावू नये.

काढलेले पॅकेज पुढे परत हवेसे वाटले, तर त्याच्या कर्त्याने ट्रिक्सीसाठी निराळी आवृत्ती काढली आहे काय ते पाहावे. काढली नसेल, तर काही दिवस त्याच्यावाचून भागवावे.